चाळीस वॅटची भीती

दुपारचं जेवण झालं की मंजुळाबाई कामाच्या टेबलाशेजारच्या लोखंडी पलंगावर आडव्या होतात, आणि डोळा लागता लागता त्यांना एक हिरवी रेघ दिसते. आडवी, लांबच लांब, हातोदच्या वाटेवरून यशवंत सागर तलावाचं पाणी दिसतं तशी. कुठून आली, कुठे गेली, पत्ता नाही. आयटीआयच्या लॅबमध्ये पहिल्यांदा स्कोप चालू केला, त्या दिवसापासून ती त्यांच्या पापण्यांआड राहायला आली आहे. स्कोप म्हणजे वायरीतून पळणारी वीज पडद्यावर रेघेनं काढून दाखवणारं यंत्र. वीज नुसती शांत बसली असेल, तर रेघही सरळ.

आजोबा महूच्या पलटणीत, वडील सिग्नलच्या वर्कशॉपात. आयटीआयच्या बॅचमध्ये मंजुळा एकटीच मुलगी. पोरं विचारायची, "काय मंजुळा, टीव्ही बनवणार की पापड?"

"आधी टीव्ही बनवते, मग त्याच्यावर पापड वाळवते. तुम्ही खायला या."

नंतर पीथमपूरच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात केस पांढरे झाले, आणि आता खजरान्याच्या देवळामागच्या वसाहतीत घरीच टेबल मांडलं आहे. बुधवारी देवळाकडच्या गर्दीची गुणगुण भिंतीतून येते, बाकी दिवस सोल्डरचा धूर आणि बुद्धाच्या तसबिरीखाली पंख्याची घरघर.

त्या टेबलावर या आठवड्यात तोच स्कोप येऊन बसला होता. आयटीआयचा. तोच, ज्याच्या कोपऱ्यावर शिकताना त्यांनी कंपासच्या टोकानं 'मं' कोरला होता. लॅबचे इन्स्ट्रक्टर स्वानंद स्वतः स्कूटीवर, मांडीत लेकरू धरावं तसा घेऊन आले.

"मावशी, शनिवारी कबाडवाला येऊन राहिलाय, जुनं सगळं भंगारात न्यायला. चालला तर लॅबमध्ये ठेवून घेतो, माझी जबान. नाही चालला तर मग मेरे हाथ में कुछ नहीं."

"नाही कसा चालणार, भिया," मंजुळाबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचा हात भुवईवर गेला.

त्या भुवईत आता मधोमध केस उगवत नाहीत. मागच्या वर्षी एक सप्लाय, म्हणजे यंत्राला हवी तशी वीज पुरवणारा भाग, दुरुस्त करून त्यांनी थेट भिंतीतल्या विजेवर लावला होता, आणि तो फटाक्यासारखा तोंडावर फुटला. तेव्हापासून नियम झाला: काहीही दुरुस्त केलं की आधी सिरीज बल्बवर लावायचं. म्हणजे वीज बल्बातून येईल मगच यंत्रात जाईल; आत काही जळकं असेल तर बल्ब भगभगेल, यंत्र वाचेल, भुवईही. आधी तिथे दोनशे वॅटचा बल्ब असे. तो फुटला. नवा शोधायला गेल्या तर दुकानदार हसला, "एलईडी घ्या ना मॅडम, तारवाला कोण विकतं आता?" घरात जुना चाळीसचा एक होता. तोच लावला. खरं सांगायचं तर त्यांना तो बरा वाटला. लहान बल्ब, थोडीच वीज आत सोडणारा.

स्कोपच्या पोटातल्या सप्लायमधला जळालेला मॉस्फेट, वीज चालू-बंद करणारा भाग, काढून नवा बसवला, फुगलेले कपॅसिटर बदलले. मीटरनं तपासलं, कुठे शॉर्ट नाही. बल्बवर लावलं. बल्ब पेटला, विझला, पेटला, विझला. आतून टिक, टिक, टिक. पडदा काळा.

लुकलुकणारा बल्ब म्हणजे आत कुठेतरी जादा ओझं, हे त्यांना पाठ होतं. म्हणून ओझं शोधत बसल्या. चांगले भाग उपटले, तपासले, परत लावले. टिक, टिक.

"त्या यंत्राला उचकी लागून राहिलीय," दारातून नरेंद्र म्हणाले. मंजुळाबाईंचे यजमान, रिटायर झाल्यापासून बायकोच्या टेबलाचे हवामान खातं. "कुणीतरी आठवण काढतंय त्याची. कबाडवालाच असेल."

"तुम्ही टीव्ही बघा जी."

शुक्रवारी दुपारी त्या तशाच आडव्या झाल्या. रेघ येईना. त्याऐवजी लहानपणीचं महूचं अंगण आलं. आजीच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायला एक ड्रम होता, खालची तोटी सतत उघडी. ड्रमात खडूची खूण. वरून नळाचा पाइप, आणि पाइपाच्या तोंडावर मंजुळेचा अंगठा. अंगठा काढ, पाणी आत; दाब, बंद. काढ, दाब. पाणी खुणेवरून ना वर गेलं पाहिजे ना खाली. पलटणीच्या नळाला कधी जोर, कधी नुसती करंगळीएवढी धार. जोर असला की अंगठा क्षणभरच काढायचा, धार बारीक झाली की जास्त वेळ. वाफ्याला कधी कळायचंही नाही की नळाला काय झालंय.

स्कोपचा सप्लाय तेच करतो. सेकंदाला हजारो वेळा. वीज तुकड्या-तुकड्यानं आत सोडायची आणि एका चिपनं खुणेवर डोळा ठेवायचा: पातळी घसरली की तुकडा लांब, चढली की आखूड.

अर्धवट झोपेत त्यांना पंखा मंदावल्याचं ऐकू आलं. व्होल्टेज पडलं होतं, रोज दुपारी पडतं. पंखा दमला, पण बाहेरच्या खोलीतला टीव्ही तसाच ठणठणीत बोलत होता; त्याच्याही पोटात असाच सप्लाय. आणि स्वप्नातल्या अंगणात शेजारीण आजीवर ओरडत होती, "तुझी नात सगळं पाणी ओढून राहिली, आमच्या नळाला थेंब नाही!"

मंजुळाबाई उठून बसल्या.

धार बारीक झाली की अंगठा जास्त वेळ उघडा. म्हणजे कमी मिळालं की हा सप्लाय जास्त ओढतो. तो जास्त ओढायला लागला की चाळीसचा बल्ब सगळी वीज स्वतःच खाऊन पेटतो. पलीकडे काही उरत नाही, सप्लाय कोलमडतो. परत उठतो, परत ओढतो. टिक, टिक. आत ओझं नव्हतंच. स्कोप बरा होऊन चार दिवस त्यांच्याच बल्बाखाली उपाशी होता.

बल्ब काढायला हवा होता. दोनशेचा बाजारात नाही. म्हणजे थेट.

त्यांनी चष्मा घातला. प्लग हातात घेतला आणि परत ठेवला. मीटर लावून पुन्हा एकदा तपासलं. शॉर्ट नाही, हे आधीच माहीत होतं.

"मी दाबतो बटण," नरेंद्र म्हणाले.

"तुमच्या भुवया अजून शाबूत आहेत. मागे व्हा."

"मग दोघांच्या सारख्या होतील ना."

ते मागे झाले नाहीत. मंजुळाबाईंनी चाळीसचा बल्ब होल्डरमधून फिरवून काढला, खिडकीत ठेवला, प्लग थेट भिंतीत घातला आणि मान वळवून, डोळे मिटून बटण दाबलं.

टिक झालं नाही. काहीच झालं नाही. मग आतून कुठूनतरी बारीक, गोड अशी शीळ.

"अरे," नरेंद्र हळूच म्हणाले. "ही तर नुसती रेघ आहे."

मंजुळाबाईंनी डोळे उघडले. हिरवी, आडवी, लांब. वर पंखा अजून दमलेलाच फिरत होता, व्होल्टेज अजून पडलेलंच होतं, आणि रेघेला त्याचा पत्ता नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "नुसती रेघ."

त्यांनी स्वानंदना फोन केला. "भिया, कबाडवाल्याला सांगा, दुसरं काही न्या. स्कोप उद्या न्यायला या. आज नको. आज जरा चालू राहू दे."

मग पलंग टेबलाच्या आणखी जवळ ओढून त्या आडव्या झाल्या, या वेळी डोळे उघडे ठेवून.