दोन विहिणींनी शोधलेलं घर

माझ्या नवऱ्याला साउदॅम्प्टनला नोकरी मिळाली तेव्हा मला सातवा महिना होता, आणि लंडनमधल्या आमच्या पिनरच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये दोन आया राहत होत्या. खरं तर ठरलं होतं असं, की बाळंतपणाआधी नागपूरहून सासूबाई येतील आणि त्या परत गेल्या की सांगलीहून माझी आई येईल. पण सासूबाईंचा पाय निघेना. त्यांनी तिकीट पुढे ढकललं. आई मात्र ठरल्याप्रमाणे आली.

एका स्वयंपाकघरात दोन विहिणी म्हणजे भांडणं होणार, अशी मला भीती होती. झालं भलतंच. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागायच्या, की साधा चहा व्हायला अर्धा तास लागायचा.

"तुम्ही बसा हो विहीणबाई, मी टाकते."

"छे, छे, सकाळी तुम्हीच टाकला होता."

तोवर मीच उठून चहा टाकायचे.

पिनर सोडायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. तिथे हाकेच्या अंतरावर मैत्रिणी होत्या, ताजी मेथी-कोथिंबीर मिळायची, डॉक्टर ओळखीची होती. साउदॅम्प्टनमध्ये आम्हाला कुणी म्हणजे कुणी ओळखत नव्हतं. नवरा सकाळी उठून ऑफिसला जाणार, आया दोन-तीन महिन्यांत परत जाणार, आणि मी त्या परक्या गावात एकटी बाळ घेऊन बसणार, हे चित्र सारखं डोळ्यांसमोर यायचं. नवरा मात्र हरखून गेला होता. तो नागपूरला वाढलेला. समुद्राचं त्याला भारी वेड. "पाण्यासमोरच घर घेऊ भाड्याने," तो म्हणायचा. "खिडकी उघडली की बोटी!"

घरं बघायला आम्ही चौघंही गेलो. मला एकटीला सोडायला दोघी तयार नव्हत्या, आणि दोघींपैकी एकीला मागे ठेवणं शक्यच नव्हतं. न्याहारीसकट खोल्या देणाऱ्या एका घरगुती बी अँड बीमध्ये दोन खोल्या घेतल्या. शनिवारी सकाळी एजंट मुलीने आम्हाला तिच्या गाडीत कोंबलं आणि थेट मरीनाजवळच्या एका नव्या इमारतीत नेलं.

फ्लॅट देखणा होता. भिंतभर काच, काचेची बाल्कनी, खाली पांढऱ्या बोटी. नवरा बाल्कनीत गेला तो आत यायलाच तयार नाही. सासूबाई बाल्कनीच्या दारापाशी थांबल्या.

"बाळाची दुपटी कुठे वाळत घालायची इथे?"

मी एजंटला विचारलं. बाल्कनीत कपडे वाळत घालायची परवानगी नव्हती.

"मग काय करून राहिले लोक?" सासूबाईंना खरोखरच प्रश्न पडला होता. आई खाली बघत होती. "एवढी शंभरेक घरं असतील गं," ती हळूच म्हणाली, "पण मघापासून एकही माणूस दिसला नाही."

दुसरं घर तळघरात होतं आणि त्याला ओलीचा वास होता. तिसऱ्याचा जिना इतका उभा होता, की मी अर्ध्यातूनच परत फिरले. संध्याकाळी खोलीत बसून आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली, आणि खाता खाता मी आणि नवरा भांडलो. त्याला तो काचेचा फ्लॅट हवा होता. मला काय हवंय ते मला सांगता येत नव्हतं, आणि त्यामुळे मला रडू यायला लागलं. दोघी विहिणी शेजारी शेजारी बसून शांतपणे दशम्या खात होत्या.

सोमवारी नवरा नव्या ऑफिसातल्या लोकांना भेटायला गेला. माझे पाय सुजले होते. न्याहारी झाल्यावर आई म्हणाली, "तू पड जरा. आम्ही दोघी पाय मोकळे करून येतो." मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जातील.

जेवायची वेळ झाली तरी दोघींचा पत्ता नाही. मोबाइल एकीकडेही नव्हता. बी अँड बीच्या मालकीणबाई दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आल्या. शेवटी मी नवऱ्याला फोन केला आणि तो टायची गाठ सैल करत धावतपळत आला. पोलिसांना कळवावं का, अशी आमची चर्चा चालू असतानाच समोरच्या स्टॉपवर बस थांबली आणि तिच्यातून दोघी उतरल्या. चक्क हातात हात घालून. हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कुठे होतात तुम्ही?" नवरा जवळजवळ ओरडलाच.

"घर पाहायला," सासूबाई म्हणाल्या.

मग पलंगावर बसून दोघींनी सगळं सांगितलं. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. त्या चालत स्टॉपपर्यंत गेल्या, तर एक डबल डेकर आली. आईने ड्रायव्हरला दिवसभराचं तिकीट मागितलं आणि दोघी वर जाऊन सगळ्यात पुढच्या सीटवर बसल्या.

"इचिन नदीवर एक पूल आहे बघ," आई म्हणाली. "काय उंच! मी डोळेच मिटले."

"मी नाही मिटले," सासूबाई म्हणाल्या. "केवढं जहाज दिसलं बाप्पा, आपली कॉलनी मावेल त्यात."

पुलापलीकडे वूल्स्टन नावाच्या भागात आईला बाथरूमला जायची घाई झाली. उतरल्या, तर समोर चर्चचा हॉल, दार उघडं. आत दहा-बारा तरुण आया आपापली बाळं घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. आई बाथरूम शोधत आत गेली. परत येऊन बघते, तर सासूबाई मधोमध मांडी ठोकून बसलेल्या.

"एक पोर किंचाळून राहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आईला काही सुचत नव्हतं. मी हात पुढे केले, तिने दिलं. पालथं घेतलं मांडीवर, पाठ चोळली. असा ढेकर दिला त्याने!"

"आणि मग झोपलं," आई म्हणाली. "मग काय, दुसरीनेही आपलं आणून दिलं. चहा दिला आम्हाला. बिस्किटं दिली. मी सांगितलं त्यांना, माय डॉटर इज एक्स्पेक्टिंग, शी इज लुकिंग फॉर हाउस. तर एकजण म्हणाली, आमच्याच गल्लीत एका घरावर भाड्याने देण्याचा बोर्ड लागलाय. चालत घेऊन गेली आम्हाला."

मी दोघींच्या मध्ये जाऊन बसले आणि हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते घर बघितलं. चारचौघांसारखं विटांचं घर. गालिचा तपकिरी, बाथरूम फिकट हिरवं, स्वयंपाकघरातलं एक कपाट मोडकं. मागे मात्र लांबट बाग होती आणि तिच्यात कपड्यांची दोरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाईंनी दोरी ओढून पाहिली. बस कोपऱ्यावरच थांबायची. गल्लीतून एक बाई बाळाची गाडी ढकलत चालली होती. आईला बघून तिने हात केला.

"माझं पाणी कुठंय पण?" नवरा बारीक आवाजात म्हणाला.

तो वर गेला. बराच वेळ खाली येईना म्हणून मी गेले, तर हा बूट काढून बाथटबच्या कडेवर उभा. खिडकी वरच्या बाजूला होती आणि तिच्यातून, छपरांच्या मधून, पाण्याची एक पट्टी दिसत होती.

"हो म्हण," तो वळून म्हणाला. "मी रोज इथे उभा राहून दाढी करेन."

आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हा सामानाची गाडी अजून यायची होती. दोघी विहिणींनी आधी गॅस पेटवला आणि दूध उतू घालवायला ठेवलं. पातेलं कुणी ठेवायचं यावर पुन्हा "तुम्ही, तुम्ही" झालं, म्हणून दोघींनी मिळून ठेवलं. दूध उतू गेलं, बर्नरवर करपलं, धूर झाला आणि छताला लावलेला धुराचा अलार्म कानठळ्या बसतील असा कोकलायला लागला. सासूबाई पदराने त्याला वारा घालत होत्या, आई त्याला "अरे गप, गप" म्हणत होती, नवरा खुर्ची शोधत होता, आणि घरात एकही खुर्ची नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे आजोबा काळजीने उभे होते, हातात छोटी शिडी. त्यांनी अलार्म बंद केला. आईने डब्यातला शिरा त्यांच्यापुढे धरला. बसायला काहीच नव्हतं, म्हणून ते जिन्याच्या पायरीवर बसले, आणि शिडी बाजूला ठेवून त्यांनी दोनदा मागून घेऊन शिरा खाल्ला.