गोड्या पाण्यातला आंबा

घिवलीच्या नामदेव तांडेलाला पाण्याने पहिल्यांदा दगा दिला तेव्हा त्याची सत्तरी जवळ आली होती, आणि ते पाणी समुद्राचं नव्हतं.

तोवर पाण्याविषयी त्याची खात्री होती. जन्म बोटीवर गेलेला. जाळं पाठीने ओढायचं नाही, पायाने ओढायचं, हे तो नव्या खलाशाला आधी सांगायचा. जो ऐकत नसे त्याला पुढच्या फेरीला नेत नसे. फुकट गेलेला जोर त्याला बघवत नसे. बोटीतून पडलेला माणूस पाण्याने मरत नाही, उगाच हातपाय मारून मरतो, असं त्याचं म्हणणं. दमलं की उताणं व्हायचं, छाती भरून घ्यायची, हात पसरायचे. दर्या धरतो. एकदा दोर पायात अडकून तो स्वतः पडला होता. बोट वळून येईपर्यंत तसाच पडून राहिला आणि वर घेतल्यावर आधी चहा मागितला. नात दिशा चालायला लागली तशी तिलाही त्याने घिवलीच्या किनाऱ्यावर हेच शिकवलं.

गुडघे गेले, तो घरी बसला. मुलगा मितेश बोईसरच्या एका कंपनीत लागला होता. नाताळच्या सुट्टीत तो म्हणाला, "बाबा, जव्हारकडे डोंगरात धरणाचा तलाव हाय. तंबूत राहायचं, गळाने मासे पकडायचे."

"सुट्टीत मासे पकडायचे?" नामदेव म्हणाला. "मग मी जन्मभर सुट्टीवरच होतो की."

सून हिना आतून हसली. "चला ना बाबा. यंदा आमी पकडतो, तुमी बसून चुका काढा."

या कामाला तो तयार झाला.

तलावावर तंबू लावायचं काम देवू आणि त्याची बायको लाडकी करत. देवू वारली, साठीचा, बारीक. स्वतः तो ट्रकच्या ट्यूबवर बसून तळ्यात जाळी टाकायचा. नामदेवने उतरल्या उतरल्या ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"मीठच नाय याला."

"भात शिजवा यात, तांडेल. गोडं हाय."

"भरती कधी?" नामदेवने सवयीने विचारलं.

"जूनमध्ये," देवू म्हणाला. "ओहोटी मेमध्ये."

दोघेही हसले. एवढं मोठं पाणी, पण कुठे जात नाही आणि येत नाही, हे नामदेवला पटेना. रात्री तंबूत त्याला झोप लागली नाही. लाटेचा आवाज नव्हता.

सकाळी ऊन वर आलं तसा मितेशने गळ टाकला. नामदेव मागे बसून चुका काढत होता. काठी फार घट्ट धरली, मनगट फार हलतं, कणकेचा गोळा फार मोठा. तेवढ्यात गळाचा नायलॉनचा दोरा, तंगूस, ताणला. मितेशने जोर लावला. काठी वाकली, पण पलीकडे काही हलेना.

"मासा नाय तो," देवू म्हणाला. "आंबा हाय आमचा."

"कसला आंबा?"

"अंगणातला. पाणी आलं तेव्हा मी या पोरीपेक्षा लहान होतो. घर आंब्याच्या मागे होतं. झाड वाळलं, पण उभं हाय. मेमध्ये शेंडा बाहेर येतो." शेजारचं घर दाखवावं तसं त्याने हनुवटीने दाखवलं. "तुमचा तंबू हाय ना, तो आमच्या खाचराच्या बांधावर."

नामदेव एकदा तंबूकडे आणि एकदा पाण्याकडे बघत राहिला. दर्याखाली त्याला खडक ठाऊक होते, चिखल ठाऊक होता. अंगण ठाऊक नव्हतं.

"तंगूस कापा," देवू म्हणाला.

"पाण्यात सामान सोडत नसतात," नामदेव म्हणाला. हा नियम त्याने वादळातही मोडला नव्हता.

"मी जाते, आजा, सोडवून आणते!" दिशा उठलीच. हिना लाइफ जॅकेट घेऊन धावली.

"ते कशाला? तांडेलाची नात ती. हिला डबा बांधून पाण्यात सोडलीस तर घिवलीत माझी लाज जाईल."

"घालू द्या, तांडेल," देवू म्हणाला. "हे पाणी निराळं."

"पाणी ते पाणी."

हिनाने मितेशकडे पाहिलं. मितेशने जमिनीकडे पाहिलं. दिशा पाण्यात शिरली.

ती सुंदर पोहत गेली. नामदेव तिचे हात बघत होता आणि पहिल्यांदाच त्याला एकही चूक सापडत नव्हती. तंगुसाच्या मागोमाग ती आंब्यापर्यंत पोचली, बुडी मारली, वर आली, पुन्हा मारली. पाणी गार होतं. ती दमली. मग तिने शिकवलेलं केलं. उताणी झाली, छाती भरून घेतली, हात पसरले.

आधी तिचे पाय खाली गेले. मग पोट. मग तोंड.

"दिशा!" हिना किंचाळली.

ट्यूब दूर दगडापाशी बांधलेली होती. देवू तिकडे धावला. नामदेव तसाच पाण्यात पडला. गुडघ्यांचं दुखणं त्याला आठवलंही नाही. एक हात वर आलेला दिसला, मग तोही दिसेना. त्याने डोकं खाली घातलं, हाताला वेणी लागली, ती ओढली. पोर वर आली आणि खोकली. जिवंत होती. त्याचा दम मात्र संपला होता. दम संपल्यावर त्याच्या अंगाने आपोआप जन्माची सवय केली. पोरीला छातीवर घेऊन तो उताणा पडला.

आणि खाली काहीच नव्हतं. धरणारं कोणी नव्हतं. पाणी नुसतं बाजूला झालं आणि दोघं आत गेली. नाकात शिरलेल्या पाण्याला चव नव्हती. भीतीपेक्षा त्याला आश्चर्यच जास्त वाटलं. घरच्या माणसाने ओळख दाखवू नये तसं.

तो कसाबसा वर आला तेव्हा देवू ट्यूब सोडता सोडता ओरडत होता, "सूर्याकडे! तांडेल, सूर्याकडे या! पाय खाली टाका, फांदी हाय!"

नामदेव उन्हाकडे सरकला. अंगठ्याला काहीतरी बुळबुळीत लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. दोन फांद्यांमधलं दुबेळकं होतं. त्यात त्याने पाय रोवला आणि पोरीला खांद्यावर बसवलं. पाणी त्याच्या हनुवटीला होतं. देवू ट्यूब घेऊन येईपर्यंत तो देवूच्या अंगणातल्या झाडावर उभा होता.

काठावर दिशाला पाण्याची उलटी झाली. लाडकीने तिला गोधडीत गुंडाळून चुलीपाशी बसवलं आणि तळपाय चोळले. मितेश नुसता उभा होता. हिनाने सासऱ्याकडे पाहिलंच नाही. दिशाचे दात वाजत होते.

"आजा, तुमी सांगितलं तसंच केलं मी. माझं काय चुकलं?"

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"तुझं कायच नाय चुकलं," नामदेव म्हणाला. "मी तुला खारं पाणी शिकवलं, ते माणसाला धरतं. हे मला येत नाय."

मग तो देवूकडे वळला. "या पाण्यात दमलं तर काय करतात?"

"दमायच्या आधी परततात," देवू म्हणाला. "आन् लांब जायचं असलं तर ट्यूब घेतात."

नामदेवने मान हलवली. वाळूत पडलेलं लाइफ जॅकेट त्याने ओल्या कपड्यांवर चढवलं. त्याचे पट्टे कसे लावतात ते त्याला कळेना. हिना उठून आली आणि तिने एकेक पट्टा लावून दिला. ते घालून तो काठीपाशी गेला. तंगूस अजून आंब्यापर्यंत ताणलेला होता. त्याने मितेशकडे सुरी मागितली आणि तंगूस कापला.