अनुसयाआजींनी नववीच्या मुलींना जे सांगितलं

अनुसयाआजींनी लहानपणी सख्ख्या भावाला पोलिसांच्या हाती दिलं होतं.
हे आमच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलंय. लिहायला त्यांनीच लावलं.

आज सकाळी आजी गेल्या. नव्वदी केव्हाच ओलांडली होती.

मी कडेगावजवळच्या शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी नववीला प्रोजेक्ट दिला, 'बेचाळीसची चळवळ आणि आपला परिसर'. आजींचे भाऊ तेव्हा भूमिगत होते. त्यांची माहिती घ्यायला आरती आणि तिच्या मैत्रिणी आजींकडे गेल्या. मीही सोबत होते.

तासभर आजी भावाबद्दलच बोलल्या.

मग आरतीनं सहज विचारलं, "आजी, तवा तुमी काय करत हुता?"



आजी सांगू लागल्या. दहा वर्षांच्या होत्या. उसात लपलेल्या भावाला भाकरी पोचवायच्या. एक दिवस पोलिसांनी बांधावर धरलं, छडीनं मारलं.

आणि आजींनी उसाकडे बोट दाखवलं.

भाऊ तुरुंगातून सुटून आला. त्यानं कधी विषय काढला नाही. आजींनी कधी त्याच्याकडे मान वर करून बघितलं नाही. लग्नानंतर माहेरी जाणंच टाळलं. तो वारला तेव्हाही उंबऱ्यातूनच परतल्या.

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, आजी, हे नको लिहायला.

"लिवा बाई. समदं लिवा. न्हाईतर आला कशाला हुता?"

भावाचा फोटो हवा म्हणून मुली इस्लामपूरला, आजींच्या माहेरी, भावाच्या मुलाकडे गेल्या. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी फोटो काढून दिला.

आणि प्रोजेक्टच्या एक्झिबिशनच्या दिवशी स्वतः शाळेत आले. खुर्चीत बसलेल्या आजींच्या पाया पडले.

"आत्या, आबांना सगळं ठाव हुतं. म्हणायचे, एवढीशी पोर, माज्यापायी किती मार खाल्ला असंल तिनं."

आजी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग मला का न्हाई बोलला?"



त्याच दिवशी भाच्याच्या गाडीतून त्या माहेरी गेल्या. आठ दिवस राहिल्या. भाचे आज मातीला भेटले, सांगत होते, आत्या रोज आबांच्या फोटोपुढं बसून बोलायच्या. जेवायला हाक मारली तरी उठायच्या नाहीत.

आजी, त्या दिवशी मी लिहू नका म्हणाले.
माफ करा.
माझा आणि आपल्या मुलींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.