मंडळाची मुकी पेटी

दिनांक २० सप्टेंबर २०२४, रुपये १,८५०. अरेरा कॉलोनीतल्या मराठी मंडळाचे खजिनदार केशवराव मुळे यांनी एवढी रक्कम जवाहर चौकातल्या पेटीवाल्याकडे दुरुस्तीसाठी आगाऊ भरली. गणपती उठले आणि आरतीची पेटी मुकी झाली. निम्मे सूर दाबूनही बोलेनात.

केशवरावांना शंकाच नव्हती. सभागृह झाडणारी पिंकी ओलं फडकं सगळीकडे फिरवायची. त्यांनी तिला तोंडावर विचारलं.

"काका, मैंने नहीं किया," एवढंच ती म्हणाली.

त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'कल्प्रिटने स्वतःहून पुढे यावे.' कोण ते सगळ्यांना कळलं. पिंकी यायची बंद झाली.

वकिलीचं शिकणारी लेक जुई जेवताना म्हणाली, "बाबा, तो शब्द कुठून आला माहितेय?"

"इंग्रजीतून. भात वाढ."

"लॅटिनमध्ये कुल्पा म्हणजे दोष. त्यावरून फ्रेंचमध्ये दोषीला कुल्पाब्ल. इंग्लंडची कोर्टं तेव्हा फ्रेंचमध्ये चालायची. आरोपी म्हणाला, मी नाही केलं, की कारकून म्हणायचा, दोषी आहेस, आणि आम्ही सिद्ध करायला तयार आहोत. तयार म्हणजे प्रेस्त. लिहिताना तो दोन्ही शब्द तोडायचा, कुल आणि प्रित. पुढे ते एकमेकांना चिकटले, असं मानतात."

"काटकसरी माणूस."

"तो निदान सिद्ध करायला तयार होता. तुमच्याकडे काय आहे?"

व्हाउचरशिवाय छदाम पास न करणारे केशवराव भात चिवडत राहिले.

सकाळी ते जवाहर चौकात गेले. पेटी उघडी पडली होती. सुरांच्या पट्ट्यांत कुंकवाने लाल झालेले तांदूळ गच्च बसले होते.

"साहब, इसमें खिचडी पकाते हो क्या?" कारागीर हसला.

पेटी मूर्तीच्या पायाशी असते. मंत्रपुष्पाला अख्खं मंडळ मागून अक्षता उधळतं. पहिल्या रांगेत केशवराव, आणि त्यांची मूठ मोठी.

तिथूनच ऑटो करून ते आनंद नगरला पिंकीच्या दारात उभे राहिले. "अक्षता आमच्याच होत्या गं. मी उगाच तुझ्यावर आळ घेतला. चुकलो."

"हे ग्रुपवर लिहा ना काका. सबके सामने बोला था."

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या लिहिलं. तिने मोबाइल हातात घेऊन ओठ हलवत वाचलं.

"'चुकलो' के आगे मेरा नाम भी डालो."

त्यांनी नाव घातलं. बाहेर ऑटोवाला हॉर्न मारत होता. केशवरावांकडे पाचशेचीच नोट होती. भाड्याचे सुटे पैसे पिंकीने दिले. "सोमवारपासून येते," ती म्हणाली.

पिंकीचे ऐंशी रुपये देणे बाकी आहे.