गाडीला वाळू नको

नव्वदच्या आसपास बाबांनी नवी कोरी पांढरी गाडी घेतली. पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमधली ती पहिली गाडी, त्यामुळे बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. सीटवरचं प्लास्टिक त्यांनी कोणाला काढू दिलं नाही. उन्हाळ्यात आमची कातडी त्याला चिकटून सोलवटली, पण सीटला ओरखडा नाही याचंच त्यांना कौतुक.

आई अकोल्याची. समुद्र पनवेलहून अगदी जवळ आहे, असं तिला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. जवळ होताच, पण तिला तिथे नेलं कोणी नव्हतं. पाण्यात पाय बुडवून एकदा उभं राहायचं, एवढीच तिची हौस. गाडी आल्यावर बाबांनी शब्द दिला, "या रविवारी उरण." मी तेव्हा सातवीत होते.

निघाल्यापासून बाबा गाइडच्या थाटात. मिठागरं लागली की, "बघा, काय सीनरी आहे!" पुढे-मागे बंदराकडे जाणारे ट्रेलर धुरळा उडवत होते, म्हणून उतरायचं नाही. करंजाच्या धक्क्याला होड्या लागल्या होत्या, मासळी वाळत होती. तिथे वास सीटमध्ये मुरेल म्हणून काचा वर. कोकणचं सौंदर्य आम्ही बंद गाडीत घामाने निथळत पाहिलं. "उतर ना गो बाय, म्हावरं बघ तरी," एक कोळीण काचेवर टकटक करत आईला म्हणाली. बाबांनी तिला काचेला हात लावू नको म्हणून खुणावलं आणि गाडी पुढे काढली.

पीरवाडीच्या किनाऱ्यावर बाबांनी वाळूपासून लांब, डांबरावर गाडी थांबवली. इंजिन चालूच.

"बघून घ्या. इथून सगळा दिसतोय."

"मी जरा पाय बुडवून येते," आई म्हणाली.

"आणि येताना वाळू घेऊन ये! एकदा आत गेली की निघत नाही ती. समुद्र काय, लांबूनच छान दिसतो."

मला त्यांचा असा संताप आला, की ते प्लास्टिक दातांनी फाडावंसं वाटलं. आईने मात्र शांतपणे दार उघडलं, चपला हातात घेतल्या आणि चालू लागली. मी तिच्या मागे पळाले. पाणी गढूळ होतं. लाट ओसरताना पायाखालची वाळू सरकली, तशी ती माझा खांदा धरून मोठ्याने हसली. तिला असं हसताना मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मागून हॉर्न वाजत होता.

आम्ही परत आलो तर बाबांनी सीटवर आणि खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. "आधी पाय झटक. नीट झटक. साडी पीळ."

आई त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही एसटीने येतो."

बाबांना ती थट्टा वाटली. पण आम्ही खरंच उरण स्टँड गाठला आणि पनवेलची गाडी धरली. आईने खिडकी सताड उघडी ठेवली.

पनवेल स्टँडवर बाबा आमच्या आधी हजर. कागद काढून टाकलेला, दार उघडून उभे. आईने पाहिलं आणि ती घराच्या दिशेने चालू लागली. बाबा फर्स्ट गिअरमध्ये तिच्या बाजूने. ओळखीची माणसं दुकानांतून माना काढून बघत होती.

"बस ना आता," बाबा खिडकीतून हळूच म्हणाले.

"पाय ओले आहेत," आई म्हणाली. पाय केव्हाच वाळले होते.