अर्ध्या कामांचं कपाट

गौरवसमितीने लेख मागितला तेव्हा मी आधी 'बघते' म्हणाले, मग 'वेळ नाही' म्हणाले, आणि शेवटी मुकाट्याने लिहायला बसले. खरं सांगायचं तर मी दमले आहे. भोरच्या आमच्या हस्तकला केंद्राची चिटणीस म्हणून एवढी वर्षं अर्ज, प्रदर्शनं आणि गळकं छप्पर सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आला. त्यात केंद्राच्या समितीने परस्पर ठरवून टाकलंय की केंद्र उभारणाऱ्या सुमतीबाईंनंतर ते मी चालवायचं. मला ते नको आहे. पण बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्यावर दुसऱ्या कुणी गोडगोड लिहिलेलं मला खपलं नसतं.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच. माझं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात मांडायचा भरतकामाचा टेबलक्लॉथ अर्ध्यावर अडला होता. कुणीतरी तो पुरा करून देईल म्हणून मी एसटी स्टँडमागच्या दोन खोल्यांतल्या केंद्रात गेले. बाईंनी कापड उलटंपालटं करून पाहिलं.

"हात बरा हाय तुमचा. पण आमी दुसऱ्याचं काम पुरं करून देत न्हाई."

"अहो, लग्न आठ दिवसांवर आलंय!"

"मग अर्धाच मांडा. त्यात लाज कसली?"

मी तणतणत घरी आले. रुखवतात तो टेबलक्लॉथ कोरी बाजू आत दुमडून मांडला. सासर भोरमध्येच होतं, त्यामुळे लग्नानंतर बाईंच्या शेजारी बसून तो पुरा केला, आणि तिथे जी अडकले ती आजतागायत.

बाई मूळच्या राजगडाच्या पायथ्याच्या पालीच्या. लग्न होऊन भोरला आल्या, घरातच चार बायकांना शिवण शिकवू लागल्या आणि त्यातून केंद्र उभं राहिलं. तिथे एक लोखंडी कपाट आहे. बाळंतपण, दुखणं, भाताची लावणी, कशानेही कुणी मध्येच थांबली की तिचं अर्धं काम त्यात ठेवायचं आणि वर तिच्या नावाची चिठ्ठी टाचायची. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा बाईंचा नियम.

मी लावला. हिराबाई नावाच्या एक बाई वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीवर गुरं-शेळ्या राखायच्या. लेकीच्या बाळंतपणासाठी भोरला राहिल्या होत्या, तेव्हा त्यांनी गोधडी शिवायला घेतली आणि ती अर्धी ठेवून परत वर गेल्या. दोन वर्षं पत्ता नाही. पुण्याच्या प्रदर्शनाला माल कमी पडत होता, म्हणून मी ती गोधडी काढून स्वतः पुरी केली. वर वाटलं, केवढं पुण्य केलं! बाईंनी पाहिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चटईवर बसल्या आणि माझा एकेक टाका उसवू लागल्या. तीन दिवस उसवत होत्या. प्रदर्शनाला गोधडी गेली नाही आणि मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आणखी दोन वर्षांनी हिराबाई आल्या. गोधडी मांडीवर घेतली, बोटाने चाचपली आणि हसल्या. "ह्यो बगा, हितंच ऱ्हायला व्हता माझा टाका." तिथूनच सुई घातली. मधलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र त्या दिवशी मान वर करवेना.

माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी मी केंद्राचं काम आणि घर यांत पार पिचून गेले होते. बाई रोज दुपारी येऊन त्यांच्याशेजारी बसत. मी आभार मानायला लागले की म्हणत, "मला घरी करमत न्हाई, म्हणून येते." मला हे साफ खोटं वाटायचं.

आता मुली येतात, दोन दिवस बसतात, मोबाईलवर फोटो काढून जातात. माझे गुडघे धरलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. छपरासाठी केलेल्या अर्जांची फाईल माझ्या मनगटाएवढी जाड झाली, छप्पर आहे तसंच आहे. शेवटी मागच्या आठवड्यात बाईंना सांगून टाकलं, "बाई, माझ्याच्याने होत नाही. मी थांबते." वाद घालायची सगळी तयारी करून, ती फाईलही हातात घेऊन गेले होते.

बाई चष्मा पुसत होत्या. "थांबा की. दमल्यावर थांबायचंच. कुनी अडवलंय?"

मला राग आला आणि रडूही आलं. एवढ्या वर्षांची सोबत, आणि साधं 'नका जाऊ' नाही! मग बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कपाटाच्या खणातून कोरी चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "एवढं करून जावा. नाव घाला."

"कशावर लावू?"

त्यांनी माझ्या हातातल्या फाईलकडे बोट दाखवलं.

चिठ्ठी लावून मी घरी आले. फाईल कपाटात आहे, हिराबाईंची गोधडी होती त्याच खणात. नियम नियम आहे, तिला आता कुणी हात लावणार नाही आणि छप्पर गळत राहणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाईंनाही ठाऊक आहे.

तेव्हा बाई, तुम्हाला शंभरी लाभो, गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो. यात माझा स्वार्थ आहे. हिराबाईंना परत यायला चार वर्षं लागली. मला किती लागतील, आज सांगता येत नाही. पण मी येईन तेव्हा कपाट उघडून द्यायला तुम्हीच असा.