रांगेतला दुपट्टा

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आमच्या पार्कात एका दुपारी रांगेच्या पाइपाला गाठ मारलेला एक पांढरा दुपट्टा सापडला. "कोणाचा आहे हा?" असं मालकांनी विचारलं आणि मी म्हणालो, "माहीत नाही." दुपट्टा माझ्या मामांचा होता. मामा तिथंच, कडुनिंबाखाली बसले होते आणि त्यांनी माझं उत्तर ऐकलं होतं.

गेल्या महिन्यात श्रीरंगमामा गेले. मामेबहीण मंदाचा फोन आला तेव्हा मी तिकीटखिडकीपाशी उभा होतो. "दादा, बाबा गेले रे... चहा मागतला, मी घेऊन आली तं..." अकोटच्या घरी, ओसरीतल्या खुर्चीत, बसल्या बसल्या गेले. जन्मभर दुसऱ्यांसाठी जागा धरणाऱ्या माणसाला बसल्या जागी मरण आलं, याचं मला आता बरंच वाटतं. त्या क्षणी मात्र समोर सरकणारी रांग तेवढी दिसत राहिली.

जागा धरणं हे मामांचं कामच होतं म्हणा ना. माझे वडील लवकर वारले. आई बार्शीटाकळीला राहिली आणि मी शिकायला अकोटला मामांकडे आलो. पुढं अकोल्याच्या कॉलेजात रोज एसटीनं जाऊ लागलो. सकाळच्या गाडीला ही गर्दी! मामा शेतात जायच्या आधी स्टँडवर यायचे, गाडी फलाटाला लागायच्या आतच तिच्या बाजूनं चालू लागायचे आणि खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत टाकायचे. दुपट्टा पडला की जागा धरली, हा कायदा सगळ्या वऱ्हाडाला मान्य. मी मागून आरामात यायचो. "बस राजा. वाचजो, झोपजो नोको," म्हणत ते खिडकीतून दुपट्टा परत घ्यायचे. कंडक्टर चिडवायचा, "मामा, दुपट्ट्याचं तिकीट काढा की कधी!" मामा म्हणायचे, "त्याचा पास आहे बाप्पा." माझं सगळं कॉलेज असं बसून झालं. मामांना बसून प्रवास करताना मी क्वचितच पाहिलं असेल. धरलेली जागा ते हटकून कोणाला तरी देऊन टाकायचे.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडे भाच्याला मान असतो, मामा भाच्याच्या पाया पडतो. मी शाळेत होतो तेव्हापासून दर दिवाळीला मामा माझ्या पायांना हात लावत आले. लहानपणी मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी पळायचो. मोठेपणी लाज वाटू लागली. "राहू द्या ना मामा," म्हटलं की म्हणायचे, "तू आपला उभा राह्य. हे तुह्यासाठी नाही, माह्यासाठी आहे."

शिक्षण झालं, दोन-तीन नोकऱ्या झाल्या आणि अमरावती-अकोला रस्त्यावर हे पार्क उघडलं तेव्हा मी तिथं लागलो. झोके, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ आणि तळ्याला वळसा घालणारी एक छोटी आगगाडी. रांगा माझ्याकडे होत्या. सुरुवातीला रांगेच्या कडेला सिमेंटचे बाक होते. माणसं बसून राहतात, रांग तुटते, मग भांडणं होतात, म्हणून ते बाक मीच काढायला लावले. त्या जागी पाइपांची आणखी वळणं बसवली. तेवढ्याच शेडमध्ये जास्त माणसं मावू लागली. मालक खूश झाले. म्हातारी माणसं पाइपाला रेलून, पाय बदलत उभी राहायची. मला ती दिसत नव्हती असं नाही. रोज दिसणारी गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते, एवढंच.

मंदा तिच्या लेकीला आणि मामांना घेऊन आली तो दिवस सुट्टीचा होता. मामांच्या गुडघ्यांनी तोवर दगा दिला होता. पण आगगाडीत बसायची त्यांनाच जास्त हौस. मी सकाळी फोनवर म्हटलं होतं, "मला बोलवा, मागच्या दारानं सोडतो." त्यांना ते पटलं नाही. "नंबरानं जाऊ ना. तुले काहून बोल लावायचा?" मंदा लेकीला घेऊन पाळण्याकडे गेली आणि मामा आगगाडीच्या रांगेत लागले. थोडा वेळ उभे राहिले. मग गुडघा बोलू लागला तेव्हा त्यांनी जन्मभर केलं तेच केलं... खांद्यावरचा दुपट्टा काढून पाइपाला बांधला, पुढच्या पोरांना "मी इथंच आहो बरं" असं सांगितलं आणि जाऊन निंबाच्या ओट्यावर बसले.

पण एसटीतली जागा जागेवर राहते, आमची रांग सरकते. पुढची पोरं सरकली, दुपट्टा होता तिथंच राहिला. मागचे म्हणाले, आम्ही याच्यापुढं जायचं की नाही? कोणी हसलं, कोणी ओरडलं. नेमके तेव्हाच मालक अमरावतीच्या पाहुण्यांना पार्क दाखवत तिकडून आले. आमचे सिक्युरिटीचे रफीकभाई गाठ सोडत होते. मालकांनी मला विचारलं, कोणाचा?

दुपट्टा मी ओळखला होता. त्याच्या कडेला मामीनं निळ्या दोऱ्यानं घातलेली शिवण होती. पाहुणे हसत होते. माझ्या अंगावर पार्कचा निळा कोट होता. आणि मी म्हणालो, माहीत नाही.

मामा ओट्यावरून उठले, गुडघा धरत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. माझी लाज राखायला त्यांनी तसं पाहिलं, हे मला तेव्हाच कळलं. रफीकभाईंना म्हणाले, "माहा आहे बाप्पा. चुकलं." रफीकभाईंनी दुपट्टा झटकून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "चाचा, बैठो, पानी लाता हूँ," म्हणाले आणि खरंच पाणी आणून दिलं. मी पाहुण्यांबरोबर पुढं निघून गेलो. आगगाडीत मंदा आणि तिची लेक बसल्या. मामा मात्र "गर्दी लय आहे" म्हणून बसले नाहीत.

त्या दिवाळीला मी अकोटला जायचं टाळणार होतो. बायकोनं ओढून नेलं. मामा खुर्चीतून उठले आणि नेहमीसारखे माझ्या पायांशी वाकले. गुडघ्यातून कट् असा आवाज आला. मी त्यांना वर उचलायला गेलो आणि मला रडूच फुटलं. बायकोला वाटलं, मामा थकले म्हणून. मामांनी तिला चहाला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "काहून रडून राहिला? तू कामावर होता." मग म्हणाले, "पण राजा, तुह्या पार्कात बसाले जागा नाही."

त्याच दिवशी त्यांनी कापसाच्या गाड्यांची गोष्ट सांगितली. विक्रीच्या हंगामात अकोटला बैलगाड्यांची ही लांब रांग लागायची. गाडी रांगेत आणि माणूस गाडीखाली झोपलेला. रांग सरकली की मागचा-पुढचा कोणीही त्याची गाडी पुढं घ्यायचा. "नंबर गाडीचा रायते, माणसाचा नाही. माणसानं काहून उभं रायचं?" असं म्हणून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आम्ही पार्कात तेच केलं. आता रांगेच्या तोंडाशी म्हाताऱ्या माणसाला पिवळ्या कापडाची पट्टी मिळते. पट्टी घरचं माणूस घेऊन रांगेत जातं, एकटं असेल तर पुढचा-मागचा कोणी घेतो. ज्याची पट्टी तो सावलीत नव्यानं बसवलेल्या बाकावर बसतो. बाकांना पाठ आहे आणि उठताना धरायला हात आहेत. पट्टी गेटपाशी पोचली की रफीकभाई हाक मारतात. मालक आधी कुरकुरले, मग आजीआजोबांना घेऊन येणारी कुटुंबं वाढली तसे गप्प झाले. ही कल्पना माझीच असं ते सगळ्यांना सांगतात. मीही कधी खोडून काढलं नाही.

नंतरची दोन वर्षं आमची चांगली गेली. दर रविवारी संध्याकाळी मामांचा फोन यायचा. "आज कोण कोण बसलं?" मी सांगायचो. मूर्तिजापूरच्या एक बाई बाकावर बसल्या बसल्या शेंगा सोलत होत्या. दोन जुने मित्र गप्पांत इतके रंगले की त्यांची हाकच हुकली. मामा प्रत्येक माणसाची चौकशी करायचे, हसायचे, समाधानानं "बरं झालं" म्हणायचे. "तुम्ही कधी येता?" असं मी विचारायचो. "येतो ना. माही पट्टी ठेवजो." गुडघे काही त्यांना यायला देईनात. गाडी घेऊन जाऊन त्यांना आणणं मला सहज जमलं असतं. पण रफीकभाई त्यांना ओळखतील, या भीतीनं मी थंडीवर ढकललं, मग होळीवर...

तेराव्याला मंदानं मला दुपट्टा दिला. निळी शिवण अजून पक्की आहे. पार्कात आणून मी तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. परवा रफीकभाई किल्ल्या द्यायला आत आले आणि तो हातात घेऊन त्यांनी विचारलं, "साहेब, ये किसका?"

या वेळी मी सांगितलं, "माझ्या मामांचा."

त्यांनी निळ्या शिवणीवरून बोट फिरवलं. "मतलब उस दिन वो चाचा..."

"हो. माझे मामा होते. मी ओळख दिली नाही."

रफीकभाई मला बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुपट्ट्याची नीट घडी केली, बाहेर गेले आणि आगगाडीजवळच्या पहिल्या बाकाच्या कोपऱ्यावर तो ठेवून आले. मी खिडकीतून पाहिलं. एक आजोबा आले, दुपट्टा पाहून त्यांनी ती जागा सोडली आणि शेजारी बसले. कायदा अजून मान्य आहे.

दुपट्टा कोणाचा होता आणि पट्टीची कल्पना कोणाची, हे मालकांना सांगायचं आहे, या आठवड्यात सांगेन. मामांना आगगाडीत बसवायचं मात्र राहिलं. मी त्यांना एक जागा देणं लागतो.